जुळले, पण कितव्या जागी?

'मखमल' या शब्दात 'मल' ही अक्षरे कितव्या जागी सुरू होतात? चौथीच्या वर्गात विचारा, मुले बोटांवर मोजून सांगतील, तिसऱ्या. आता हाच प्रश्न संगणकावरच्या तीन जुन्या आणि नावाजलेल्या साधनांना विचारू. मजकुराच्या ओळी चाळण्यासाठी बनवलेली ऑक नावाची छोटी भाषा उत्तर देते, ३. ईमॅक्स हा मजकूर-संपादक, म्हणजे मजकूर लिहिण्याचा व सुधारण्याचा प्रोग्राम, उत्तर देतो, २. व्हिम हा दुसरा मजकूर-संपादक शांतपणे सांगतो, ६.

चार अक्षरांच्या शब्दात सहावी जागा आणायची कोठून? गंमत म्हणजे तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. ऑक आपल्यासारखे एकपासून मोजते. ईमॅक्स शून्यापासून मोजतो. पहिले अक्षर शून्याव्या जागी, म्हणून तिसरे दोनाव्या. व्हिमही शून्यापासूनच मोजतो, पण तो अक्षरे मोजत नाही, बाइट मोजतो. आणि आजच्या प्रचलित संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. म आणि ख यांचे मिळून सहा बाइट झाले, पुढचा 'मल' सहाव्या बाइटपासून.

बरे, 'मखमल'मध्ये जे नाहीच ते शोधायला सांगितले तर? समजा, 'कप'. येथेही तीन तऱ्हा आहेत. ऑक ० उत्तर देते. ईमॅक्स 'निल' देतो, म्हणजे 'काही नाही' असा खास शब्द. व्हिम -१ देतो. म्हणजे ऑकच्या लेखी शून्याचा अर्थ 'सापडले नाही', तर व्हिम आणि ईमॅक्सच्या लेखी शून्याचा अर्थ 'अगदी सुरुवातीलाच सापडले'!

मग वापरणाऱ्याने कोणते उत्तर कोणत्या अर्थाने घ्यायचे हे त्याला कळावे कसे? त्याचे उत्तर एकच: कोणीतरी ते लिहून ठेवले पाहिजे. नमुना जुळवण्याच्या या युक्तीचा इतिहास अनेकदा सांगितला जातो. ती युक्ती नेमकी काय करते हे शब्दांत मांडण्याचा इतिहास मात्र त्या मानाने दुर्लक्षित आहे. आम्हाला तो निम्मा इतिहास वाटतो, म्हणून येथे दोन्ही जोडीने सांगतो.

सुरुवात संगणकापासून होत नाही, मेंदूपासून होते. १९४३ साली अमेरिकेत वॉरन मॅक्कलक आणि वॉल्टर पिट्स यांनी मज्जापेशींचे एक गणिती प्रतिरूप मांडले. प्रत्येक पेशी एक तर चेतलेली असेल किंवा नसेल, अशा पेशी एकमेकींना जोडल्या तर त्यांचे जाळे काय काय ओळखू शकेल, असा तो विचार होता. १९५१च्या उन्हाळ्यात तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी रँड कॉर्पोरेशन या संस्थेत काम करीत होते. त्यांच्याकडे या जाळ्यांचा अभ्यास आला. कोणत्या घटनाक्रमांना असे जाळे ओळखू शकते, या प्रश्नाचे त्यांनी नीटस उत्तर शोधले. तीन क्रिया पुरेशा आहेत: एकापाठोपाठ एक, हे किंवा ते, आणि तेच ते कितीही वेळा. या तीन क्रियांनी रचता येणाऱ्या घटनांना त्यांनी 'रेग्युलर', म्हणजे नियमित, असे नाव दिले. हा निबंध १९५६ साली ग्रंथात प्रसिद्ध झाला. नाव फारसे बोलके नाही हे त्यांनाही जाणवत होते. याहून अर्थवाही शब्द कोणी सुचवल्यास स्वागत आहे, असे त्यांनी तेथेच नमूद केले. कोणी सुचवला नाही असे दिसते. आजही जगभर 'रेग्युलर एक्स्प्रेशन' हाच शब्द चालतो. आपण येथे त्याला सोपेपणाने 'नमुना' म्हणू.

नमुना म्हणजे काय ते उदाहरणाने पाहू. 'क म* ळ' असा नमुना घ्या. ताऱ्याच्या खुणेचा अर्थ, 'अलीकडचे चिन्ह कितीही वेळा, अगदी शून्य वेळासुद्धा'. मग हा नमुना 'कळ' या शब्दाला लागू पडतो, 'कमळ'ला पडतो, 'कममळ' असा निरर्थक शब्द असेल तर त्यालाही पडतो. 'कपळ'ला पडत नाही. या ताऱ्याला क्लेनी यांचेच नाव आहे. तारा, टिंब, प्रश्नचिन्ह अशा मूठभर खुणांनी हजारो शब्दांचा गट एका ओळीत पकडता येतो, ही या लेखनाची ताकद.

मेंदूच्या कागदावरून ही कल्पना संगणकात आणली केन थॉम्पसन यांनी. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात बटलर लॅम्पसन आणि पीटर डॉइश यांनी क्यूईडी नावाचा मजकूर-संपादक लिहिला होता. थॉम्पसन यांनी त्याची नवी आवृत्ती केली आणि तीत शोधण्यासाठी साध्या शब्दाऐवजी नमुना देण्याची सोय घातली. जून १९६८मध्ये त्यांनी आपली पद्धत एका छोट्या लेखात प्रसिद्ध केली. त्यांचा प्रोग्राम नमुना वाचून आयबीएम ७०९४ या यंत्राच्या भाषेत थेट शोधाचा प्रोग्राम तयार करीत असे.

ही पद्धत वर्गात खेळून दाखवता येते, म्हणून जरा थांबून पाहू. जमिनीवर खडूने ० ते ४ क्रमांकांची पाच वर्तुळे ओळीने काढा. नमुना आहे 'अ? अ? अ अ'. प्रश्नचिन्हाचा अर्थ, 'हे असले तर असू दे, नसले तरी चालेल'. म्हणून ० आणि १ या वर्तुळांतून पुढच्या वर्तुळात फुकट उडी मारता येते. २ आणि ३ यांतून पुढे जायला मात्र 'अ' ऐकू यावाच लागतो. ४ म्हणजे मुक्काम. खडा ० मध्ये ठेवा. फुकट उड्यांमुळे १ आणि २ मध्येही एकेक खडा ठेवा. आता एका मुलाने मोठ्याने 'अ' म्हणायचे. प्रत्येक खडा एक घर पुढे. फुकट उडी शक्य असेल तेथे आणखी एक खडा ठेवायचा. दोन खडे एकाच वर्तुळात आले तर एक उचलून टाकायचा. आता खडे १, २, ३ मध्ये दिसतील. पुन्हा 'अ'. खडे २, ३, ४ मध्ये. मुक्कामाच्या वर्तुळात खडा पोचला, म्हणजे 'अअ' हा शब्द नमुन्याला जुळला.

'एक उचलून टाकायचा' हा नियम किरकोळ वाटतो, पण सगळे इंगित त्यातच आहे. वर्तुळे जितकी, त्यापेक्षा जास्त खडे कधीच होत नाहीत. याचे महत्त्व पुढे येईल.

थॉम्पसन पुढे बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांच्यासह युनिक्स ही कार्यप्रणाली घडवू लागले. तिच्यातल्या 'एड' या संपादकात नमुने होतेच. त्यात एक आज्ञा अशी होती: साऱ्या मजकुरात शोध, नमुना अमुक, सापडलेल्या ओळी छाप. इंग्रजी आद्याक्षरांत ती 'जी, आर-ई, पी' अशी लिहिली जाई. ब्रायन कर्निघन यांनी सांगितलेली हकिकत अशी की, ली मॅक्महॉन या सहकाऱ्याला अमेरिकेच्या घडणीच्या काळातील 'फेडरलिस्ट' निबंधांचा अभ्यास करायचा होता. १७८७-८८ मधले हे ८५ निबंध टोपणनावाने लिहिलेले. त्यांतील काहींचा लेखक कोण हा वाद. भाषेच्या लकबींवरून काही कळते का हे मॅक्महॉन पाहात होते. पण सारा मजकूर 'एड'च्या स्मृतीत मावेना. तेव्हा थॉम्पसन यांनी संपादकातला शोधाचा भाग सुटा काढून वेगळा प्रोग्राम केला. नाव तेच, आद्याक्षरे जोडून, 'ग्रेप'. नोव्हेंबर १९७३च्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत तो आहे.

आता जोडीच्या इतिहासाकडे येऊ. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख घातलेली युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका थॉम्पसन आणि रिची यांनी तयार केली. प्रत्येक आज्ञेला एक पान किंवा दोन पाने, आणि प्रत्येक पानाची मांडणी ठरलेली. आधी नाव, मग आज्ञा कशी लिहायची, मग वर्णन, शेवटच्या बाजूला 'दोष' असा चक्क वेगळा मथळा. आपल्याच प्रोग्रामचे दोष आपणच छापायचे! शिवाय तो प्रोग्राम कोणाचा तेही लिहिलेले, म्हणजे वाचणाऱ्याला कोणाला गाठायचे ते कळावे.

या पुस्तिकेसाठी आग्रह धरणाऱ्यांत डग्लस मॅकिलरॉय हे प्रमुख होते. पुढच्या काही आवृत्त्या त्यांनीच संपादित केल्या. त्यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितलेली गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. पुस्तिकेची नवी आवृत्ती निघायची वेळ आली की प्रयोगशाळेत एकच धांदल उडे. एखाद्या प्रोग्रामची विचित्र वागणूक शब्दांत लिहू लागले की लिहिणाऱ्यालाच ती खटके. असले काही छापायचे कसे, असे वाटे. आणि मग वर्णन बदलण्याऐवजी लोक प्रोग्रामच बदलत. एखादी सोय काढून टाकत, एखादी घालत, केवळ ती नीट सांगता यावी म्हणून.

शिक्षकांना यात नवल वाटणार नाही. एखादा भाग आपल्याला समजला आहे असे वाटत असते, आणि फळ्यापुढे उभे राहिल्यावर तिसऱ्या वाक्याला अडखळायला होते. अडखळले तेथेच समजुतीला भोक असते. फरक एवढाच की आपल्याला निसर्गाचा नियम बदलता येत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याला आपला नियम बदलता येतो.

हीच वृत्ती दुसऱ्या एका ठिकाणी वेगळ्या वाटेने आली. एमआयटी या संस्थेत १९७६ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ईमॅक्स हा संपादक उभा केला. वापरणाऱ्याने स्वतः छोटे प्रोग्राम लिहून संपादकात भर घालावी, ही त्यामागची कल्पना. १९८१च्या आपल्या लेखात त्यांनी ईमॅक्सची जी विशेषणे मथळ्यातच दिली, त्यांत 'स्वतःची माहिती स्वतः देणारा' हेही एक आहे. ईमॅक्सच्या भाषेत फंक्शन लिहिताना त्याचे वर्णनही त्याच्या पोटातच लिहितात. फंक्शन हे गणितातल्या फलासारखेच: आत काही द्यायचे, बाहेर एक उत्तर येते. कोणीही केव्हाही विचारावे, हे फंक्शन काय करते? संपादक ते वर्णन तेथल्या तेथे दाखवतो. त्या वर्णनाची पहिली ओळ स्वतंत्र, पूर्ण वाक्य असावी, असा संकेत आहे. शाळेच्या प्रयोगवहीतल्या 'हेतू' या मथळ्यासारखे ते वाक्य.

व्हिमची कुळकथा निराळी. बिल जॉय यांनी १९७६ साली बर्कलीत लिहिलेला 'व्हीआय' हा 'एड'चाच वंशज. नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांना आपल्या अमिगा संगणकावर तसा संपादक हवा होता. त्यांनी दुसऱ्या एका तयार प्रोग्रामवरून काम सुरू केले आणि १९९१ साली व्हिम लोकांपुढे ठेवला. फुकट वापरा, आवडल्यास युगांडातील अनाथ मुलांसाठी काही द्या, अशी त्यांची अट. अट कसली, विनंतीच. १९९८च्या पाचव्या आवृत्तीत व्हिमला स्वतःची स्क्रिप्ट-भाषा मिळाली. तिच्यातले 'मॅच' हे फंक्शन म्हणजेच आपल्याला ६ उत्तर देणारे महाशय.

व्हिमच्या मदतपानांत या 'मॅच'चे जे वर्णन आहे ते सावकाश वाचण्यासारखे आहे. उत्तर संख्येच्या रूपात येईल. ती संख्या बाइटमध्ये मोजलेली असेल. सुरुवातीलाच जुळले तर शून्य. न जुळल्यास -१. येथवर सरळ आहे. पुढे एकेक खाचखळगा येऊ लागतो. इंग्रजीतली कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे एकच समजायची का? ते वापरणाऱ्याने संपादकात काय ठरवून ठेवले आहे त्यावर अवलंबून. म्हणजे तोच प्रोग्राम माझ्या संगणकावर एक उत्तर देईल आणि तुमच्या संगणकावर दुसरे. हे पानावर लिहिलेले नसते तर चूक शोधणाऱ्याने डोके आपटून घेतले असते.

त्याहून मासलेवाईक भाग आहे '^' या खुणेचा. नमुन्याच्या आरंभी ही खूण घातली तर अर्थ होतो, 'मजकुराच्या अगदी सुरुवातीला असेल तरच'. आता शोध कोठून सुरू करायचा हेही 'मॅच'ला सांगता येते. 'मखमल'मध्ये सहाव्या बाइटपासून '^मल' शोध, असे सांगितले. जुळले म्हणायचे की नाही? एक पक्ष म्हणेल, शोध जेथून सुरू तीच सुरुवात, तेव्हा जुळले. दुसरा म्हणेल, शब्दाची सुरुवात ती सुरुवात, तेव्हा नाही जुळले. व्हिमचे वर्णन सांगते की, मजकूर जणू त्या जागेपासूनच सुरू होतो असे मानले जाईल; म्हणजे उत्तर ६. पण, कितव्या खेपेचे जुळणे हवे आहे हा आणखी एक आकडा सोबत दिला, तर मात्र फक्त त्या जागेच्या आधीची जुळणी सोडून दिली जाईल. म्हणजे '^' तेथे लागू पडणार नाही आणि उत्तर -१! हे जरा गुंतागुंतीचे आहे, जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून असे ठेवले आहे, अशी कबुलीही त्याच पानावर आहे. बेल प्रयोगशाळेत लोक वर्णन लिहिताना प्रोग्राम सुधारत असत. येथे ती संधी निघून गेली होती. हजारो लोकांनी त्या वागणुकीवर आपापले प्रोग्राम उभारले होते. मग उरतो तो एकच प्रामाणिक मार्ग: विचित्र आहे तसे नीट लिहून ठेवणे.

एक सापळा तर नवशिक्यांसाठी ठरलेला. व्हिमच्या जुन्या स्क्रिप्ट-भाषेत 'जर' या अटीत शून्य म्हणजे खोटे आणि शून्याखेरीज कोणतीही संख्या म्हणजे खरे. आता 'जर मॅच झाले तर...' असे कोणी सरळपणे लिहिले की काय होते पाहा. सुरुवातीलाच जुळले, तर उत्तर शून्य, म्हणजे 'खोटे'. मुळीच जुळले नाही, तर उत्तर -१, म्हणजे 'खरे'. दोन्ही टोके उलटी! मधल्या जागी जुळले तर मात्र सारे बरोबर, म्हणून चूक लवकर लक्षातही येत नाही. ऑकमध्ये हा घोळ होत नाही, कारण ते एकपासून मोजते आणि शून्य न सापडल्यासाठी राखून ठेवते. ईमॅक्समध्येही होत नाही, कारण तेथे शून्यही खरेच आणि फक्त 'निल' खोटे. म्हणून 'आहे की नाही' एवढेच विचारायचे असेल तर व्हिममध्ये वेगळे चिन्ह आहे. 'मॅच' हे 'कोठे' विचारण्यासाठी. २०२२ साली ९.० आवृत्तीबरोबर आलेल्या नव्या स्क्रिप्ट-भाषेत तर 'जर'च्या अटीत -१ आला की सरळ चूक दाखवली जाते. चोवीस वर्षांनी का होईना, नियम बदलला.

बाइटचा प्रश्न आपल्या अधिक जिव्हाळ्याचा. ज्या अमेरिकी प्रयोगशाळांत हे सारे घडले तेथे एक अक्षर म्हणजे एक बाइट हे इतके गृहीत होते की 'कितवे अक्षर' आणि 'कितवा बाइट' यांत फरक करण्याची गरजच कोणाला भासली नाही. आपल्याकडेही सुरुवातीला तसेच होते. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रमाणित केलेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रामुळे रुजलेल्या इस्की या संकेतात देवनागरीचे एक चिन्ह एकाच बाइटमध्ये बसे. त्या संकेतातली 'मखमल' असती तर व्हिमचे उत्तर ईमॅक्ससारखेच २ आले असते. मग युनिकोड आले, आणि जगातल्या साऱ्या लिप्यांसाठी एक बाइट पुरेनासा झाला. युनिकोडचा आज सर्वत्र चालणारा 'यूटीएफ-८' हा संकेत सप्टेंबर १९९२मध्ये न्यू जर्सीतील एका खानावळीत, टेबलावरच्या कागदी आच्छादनावर जुळवला गेला. जुळवणारे होते रॉब पाइक यांच्यासोबत जेवायला बसलेले तेच केन थॉम्पसन. म्हणजे 'मल' शोधण्याची पद्धतही त्यांची आणि ते सहाव्या बाइटला नेऊन ठेवणारा संकेतही त्यांचाच.

बाइट नकोत, अक्षरेच मोजू, असे म्हटल्याने तरी आपली सुटका होते का? 'क्षेत्र' हा शब्द घ्या. मुलाच्या लेखी दोन अक्षरे. युनिकोडच्या लेखी क, पायमोडका, ष, एकार, त, पायमोडका आणि र अशी सात चिन्हे. यूटीएफ-८ मध्ये एकवीस बाइट. 'क.ळ' या नमुन्यात टिंबाचा अर्थ 'कोणतेही एक चिन्ह' असा असतो. जो प्रोग्राम युनिकोडची चिन्हे मोजतो त्याच्या दृष्टीने हा नमुना 'कमळ'ला जुळेलच, पण 'काळ' आणि 'केळ' यांनाही जुळेल, कारण काना आणि मात्रा हीही स्वतंत्र चिन्हे. इंग्रजी वर्णनात 'कॅरॅक्टर' एवढा शब्द लिहिला की इंग्रजी वाचकाचे भागते. मराठी वाचकाला मात्र लगेच विचारावे लागते: कोणते? तुमचे की आमचे?

या साऱ्या वर्णनांतून एक गोष्ट मात्र सहसा सुटते: उत्तर यायला वेळ किती लागेल. ही उणीव चांगलीच महागात पडली आहे. १९८६ साली टोरांटो विद्यापीठातील हेन्री स्पेन्सर यांनी नमुने जुळवणारा एक प्रोग्राम लिहून सर्वांना मोफत दिला. तो इतका सुबक होता की पर्लसारख्या भाषा आणि व्हिमसारखे संपादक त्याच घराण्यातले. पण त्याची पद्धत थॉम्पसन यांची खड्यांची नव्हे. एकच खडा घ्यायचा, एक वाट धरायची, अडले की मागे येऊन दुसरी वाट धरायची. एरवी हे झकास चालते. आता मघाचा खेळ मोठा करा: २९ वेळा 'अ?' आणि पुढे २९ वेळा 'अ', आणि शब्द २९ 'अ'चा. प्रत्येक प्रश्नचिन्हापाशी दोन वाटा. एकूण वाटा दोनाचा एकोणतिसावा घात, म्हणजे ५३,६८,७०,९१२. आणि बरोबर वाट, 'एकही ऐच्छिक अ घ्यायचा नाही' ही, नेमकी शेवटची! खड्यांच्या पद्धतीत मात्र वर्तुळे ५९ आणि अक्षरे २९. गुणाकार १,७११ हालचालींचा. रस कॉक्स यांनी २००७ साली हे प्रत्यक्ष मोजून प्रसिद्ध केले. तेव्हाच्या पर्लला या शब्दासाठी साठ सेकंदांहून अधिक वेळ लागला, थॉम्पसन यांच्या पद्धतीला सेकंदाचे वीस दशलक्षांश. १९६८ साली छापलेली पद्धत चाळीस वर्षे डोळ्यांसमोर होती.

२ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीने आपल्या संरक्षक यंत्रणेत एक नवा नमुना घातला. नमुना अर्थाने चुकीचा नव्हता. पण तो जुळवताना मागे-पुढे करण्यात तिच्या जगभरच्या संगणकांची सगळी शक्ती खर्ची पडली आणि तिच्यावर विसंबलेली असंख्य संकेतस्थळे सुमारे २७ मिनिटे कोलमडली. व्हिममध्ये मात्र त्याआधीच, ऑगस्ट २०१३च्या ७.४ आवृत्तीत, थॉम्पसन यांच्या वळणाचे दुसरे इंजिन बसवले गेले होते. जुने काढून टाकले नाही. नमुना पाहून संपादक स्वतःच निवड करतो, आणि ती निवड आपल्या हाती घ्यायची असल्यास कशी घ्यावी, हे मदतपानांत लिहिलेले आहे.

ब्राम मोलेनार ३ ऑगस्ट २०२३ रोजी वारले. त्यांच्या पश्चात स्वयंसेवकांनी जानेवारी २०२४मध्ये काढलेली ९.१ आवृत्ती त्यांना अर्पण केली आहे. 'मॅच' अजूनही बाइटच मोजते, आणि तसे पानावर लिहिले आहे.

आठवी-नववीच्या वर्गासाठी एक काम सुचवतो. संगणक लागणार नाही. एका गटाने 'शोध' नावाच्या फंक्शनचे वर्णन पाच वाक्यांत लिहावे: एक मराठी शब्द आणि त्यात शोधायचा तुकडा दिला असता ते काय उत्तर देईल. दुसऱ्या गटाने ते वर्णन वाचून, लिहिणाऱ्यांना एकही प्रश्न न विचारता, 'शाळा' या शब्दात 'ळ' शोधून दाखवावा. नंतर 'बाबा'मध्ये 'बा'. नंतर 'क्षेत्र'मध्ये 'ष'. आणि शेवटी, कोणत्याही शब्दात काहीच न लिहिलेला कोरा तुकडा.